सांदवाडीतलं वरण

टेकचंदभाऊ पटल्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांना फक्त खरं थोडं वाढवून सांगायची सवय होती. लाखनीला हायवेला लागून त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळा मागायला आलेल्या माणसाला बिजागरीही लागणारच हे ते असं पटवून देतात की तो माणूस बिजागरी घेऊन घरी जातो आणि मग तिला लावायला दार शोधतो. दुकानातली ही हातोटी हळूहळू बोलण्यातही उतरली. लेकीच्या, म्हणजे खुशबूच्या, साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मोहाडीहून पाहुणे आले होते. त्यांच्यापैकी कुणीतरी सहज विचारलं, "तुमच्या इकडे जंगल लागूनच हाये म्हनते?"

"लागून कायचं जी?" टेकचंदभाऊ पान एका गालातून दुसऱ्या गालात सारत म्हणाले, "ते जंगल म्हंजे आमची सांदवाडीच समजा."

घरामागच्या ज्या वाडीत बायका वांगी-मिरच्या लावतात, तिला या भागात सांदवाडी म्हणतात. आपल्या सांदवाडीत वाघ, अस्वल, रानगवे आणि एक धबधबासुद्धा आहे, असं टेकचंदभाऊंनी भरल्या मांडवात जाहीर केलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. वस्तुस्थिती अशी होती, की जंगलाच्या रस्त्यावर 'वन्यप्राण्यांसाठी वाहने हळू चालवा' अशी पाटी आहे, तिच्यापुढे टेकचंदभाऊ कधीही गेले नव्हते. पाटीपर्यंतसुद्धा ते एकदाच गेले होते, आणि तेही गाडी पंक्चर झाली म्हणून.

ज्यांच्यासमोर हे बोलणं झालं ते नवऱ्या मुलाचे वडील, भैय्यालालजी बिसेन, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्ती नोकरीपुरतीच होती. घरात कपबशी फुटली तरी ते आधी मोक्यावर जात, तुकडे कुठे पडले ते बघत, साक्षीदार कोण ते विचारत आणि मगच बोलत. असा माणूस एकदा ऐकलेलं विसरत नाही. पण हे टेकचंदभाऊंच्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

लग्न थाटात झालं. एक गोष्ट सोडून. वरपिता म्हणून भैय्यालालजी सगळे पाहुणे जेवल्यावर शेवटच्या पंगतीला बसले. पत्रावळीवर भात पडला, त्यांनी भाताला मधोमध खळगं केलं आणि वाट पाहिली. वरणाची बादली आलीच नाही. वरण संपलं होतं. वाढणारे एकमेकांकडे पाहत होते, आणि वधूपिता त्या वेळी मांडवाच्या पलीकडे बँडवाल्याशी भांडत होते. भैय्यालालजींनी खळगं केलेला भात तसाच ठेवला, हात जोडले, "झालं आमचं" म्हणाले आणि उठले. गाडीत बसल्यावर मात्र त्यांनी निकाल दिला, की या माणसाच्या घरात आता पाय ठेवायचा नाही.

निकालाची अंमलबजावणी चोख सुरू होती. खुशबूला सासरी काही त्रास होता असं मुळीच नाही. "बाबूजी मले लेकीवानीच ठेवते," ती फोनवर सांगे, "पन तुमचा विषय निंघला का ते पेपर वाचाले घेते. वाचून झालेला पेपर पुन्हा वाचते." जावई कमलेश बँकेत नोकरीला. तो सासुरवाडीला आला तरी चोरासारखा येई आणि चहा अर्धा टाकून जाई. त्यात आता दिवाळी तोंडावर आली होती. लग्नानंतरची पहिली दिवाळी. व्याही-विहिणीला घरी बोलवायचं, जेवू घालायचं, जावयाचा मान करायचा. आणि व्याही तर उंबरठ्याकडे बघायला तयार नव्हते. एका संध्याकाळी खुशबू फोनवर बोलता बोलता रडली, आणि टेकचंदभाऊंना त्या रात्री जेवण गेलं नाही. लेक रडली की बापाला आपलं सगळं दुकान फुकट वाटायला लागतं.

तोडगाही खुशबूनेच काढला. "ते घरी येत नाई ना बाबा? मंग घरी बोलवूच नका. जंगलात बोलवा. ते त्यांचंबी घर नाई अन् तुमचंबी नाई."

कोसमझरी गावच्या समितीने नुकतीच एक निसर्गसहल सुरू केली होती. सकाळी जंगलात शिरायचं, गाईडबरोबर पायी चालायचं, प्राणी-पक्षी बघायचे, धबधब्यापाशी बसायचं आणि दुपार कलताना परत यायचं. भैय्यालालजींनी दोन दिवस विचार केला. जंगल हे वादग्रस्त घराच्या हद्दीबाहेर येतं अशी खात्री करून घेतली, आणि होकार दिला.

टेकचंदभाऊ नाव नोंदवायला गेले तिथे पहिली अडचण आली. समितीच्या खोलीत संगणकावर बसलेल्या बाईंनी विचारलं, "ग्रुप लीडर कोन?"

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. स्वतःचं नाव सांगावं, तर व्याही उपस्थित असताना आपण पुढारपण केलं असा अर्थ होतो. व्याह्यांचं सांगावं, तर पाहुण्याच्या डोक्यावर जबाबदारी टाकली असा होतो. टेकचंदभाऊ म्हणाले, "जागा खाली ठेवा."

"खाली ठेवलं तर पुढचं पान उघडत नाई जी."

"मंग दोघायचं टाका."

"एकच घेते ते."

टेकचंदभाऊंनी बाहेर जाऊन एक विडी ओढली, परत आले आणि पडेल आवाजात म्हणाले, "गिरजाबाई टाका." गिरजाबाई म्हणजे त्यांची बायको. तिला ही नेमणूक कळवायचं ते घरी पोचेपर्यंत विसरले.

मग शेजारचा चंद्रकुमार आला. चंद्रकुमारचं मोबाईलचं दुकान आहे, त्यामुळे त्याला जगातलं सगळं माहीत असतं. "भाऊ, अस्वल दिसलं तर उताराकडे पळजा," त्याने सांगितलं. "त्याचे केस डोळ्यावर येते, त्याले दिसत नाई." थोड्या वेळाने तो परत आला आणि म्हणाला, की चुकलं, चढाकडे पळायचं. त्यानंतर त्याने वाघाच्या नजरेत नजर घालावी की घालू नये यावर दोन्ही बाजूंनी सल्ला दिला. निघताना म्हणाला, "मी फोन करून हालहवाल घेत राहीन, काळजी नका करू." टेकचंदभाऊंना काळजी वाटायला लागली ती इथून.

गिरजाबाईंना अस्वलाची भीती नव्हती. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. लग्नापासून ती बादली त्यांच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती. "काही कमी पडो," त्या म्हणाल्या, "वरण कमी पडू देनार नाई." पहाटे उठून त्यांनी पुऱ्या केल्या, वडे तळले, आलू-वांग्याची भाजी केली, भाताचं पातेलं फडक्यात घट्ट बांधलं, आणि मग माळ्यावरून दुधाची ॲल्युमिनियमची मोठी कॅन काढून ती वरणानं गळ्यापर्यंत भरली.

"अवं, आपन चार मानसं हावो," टेकचंदभाऊ म्हणाले.

"लग्नातबी तुमी असंच म्हनलं होतं," गिरजाबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

ठरल्याप्रमाणे भैय्यालालजी आणि त्यांच्या पत्नी उषाबाई मोहाडीहून आले. कमलेशची गाडी भैय्यालालजी स्वतः चालवत होते. गाडी घरापुढे आली नाही. कोपऱ्यावरच्या पानठेल्याजवळ थांबली, म्हणजे चाकसुद्धा दाराला लागू नये. टेकचंदभाऊ कॅन घेऊन, गिरजाबाई पातेलं घेऊन तिथवर चालत गेले. आख्खी गल्ली बघत होती. पानठेलेवाल्याने विचारलंही, "भाऊ, दुधाचा धंदा सुरू केला का?" टेकचंदभाऊंनी ऐकलं नाही असं दाखवलं. गाडीत सगळ्यांनी एकमेकांच्या तब्येती विचारल्या, पावसाबद्दल बोलून झालं, धानाबद्दल बोलून झालं, आणि मग कोसमझरी येईपर्यंत फक्त कॅन डुचमळल्याचा आवाज येत राहिला.

गाईड म्हणून प्रतिक्षा नावाची गावातलीच तरुण मुलगी होती. खाकी शर्ट, पायात बूट, गळ्यात दुर्बीण. हातातला कागद बघून तिने विचारलं, "लीडर गिरजाबाई कोन?"

गिरजाबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. टेकचंदभाऊ झाडाच्या शेंड्यावर काहीतरी शोधायला लागले. "मीच असन मंग," गिरजाबाई म्हणाल्या. भैय्यालालजींची भुवई वर गेली आणि तिथेच राहिली. प्रतिक्षाने त्यांना नियम सांगितले: मोठ्यानं बोलायचं नाही, अत्तर लावायचं नाही, प्लास्टिक टाकायचं नाही, सोबत फक्त सुका नाश्ता. मग तिची नजर कॅनवर गेली.

"हे का हाये?"

"वरण," टेकचंदभाऊ म्हणाले.

प्रतिक्षाचं रीतसर प्रशिक्षण झालं होतं. साप चावला तर काय करायचं, माणूस हरवला तर काय करायचं, हे सगळं त्यात होतं. वरणाबद्दल काही नव्हतं. "गाडीतच ठेवा न जी. वापस आल्यावर जेवजा."

पण व्याह्यांना जेवणाच्या वेळी उपाशी ठेवून, वरण गाडीत आहे असं सांगायचं? टेकचंदभाऊंनी कॅन छातीशी धरली. प्रतिक्षाने लीडरकडे पाहिलं. "घेऊन चला," लीडरने हुकूम दिला.

अशी ती यात्रा जंगलात शिरली. पुढे प्रतिक्षा, मागे दोघी विहिणी (गिरजाबाई पातेलं घेऊन, उषाबाई आपली पिशवी घेऊन), त्यांच्यामागे भैय्यालालजी आणि सगळ्यात मागे, एका हातात कॅन आणि पाठीवर वड्यांची पिशवी घेऊन, वधूपिता. सकाळ छान होती. पाऊस नुकताच सरला होता, सागाची पानं मोठी झाली होती, पायाखालची माती ओलसर होती आणि कुठेतरी एक पक्षी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता. प्रतिक्षा हळू आवाजात झाडं दाखवत होती. टेकचंदभाऊंना त्यातलं फक्त 'इथून चढ हाये' एवढंच ऐकू आलं.

आता व्याह्या-व्याह्यांमधला बसण्याचा कायदा सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. यजमानाने पाहुण्याआधी बसायचं नसतं. आणि पाहुण्याने, विशेषतः रुसलेल्या पाहुण्याने, आपण दमलो हे दाखवायचं नसतं, कारण मग 'आमची सहल झेपली नाही' असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते. भैय्यालालजींचा उजवा गुडघा पहिल्या चढालाच बोलायला लागला होता. टेकचंदभाऊंचा हात खांद्यापासून वेगळा झाल्यासारखा वाटत होता. चढ संपल्यावर एक सपाट खडक लागला. प्रतिक्षाने विचारलं, "बसाचं का थोडं?"

"इवाई बसत असन तर बसू," टेकचंदभाऊ व्याह्यांकडे बघत मोठ्या आशेने म्हणाले.

"मले काही नाई," भैय्यालालजी म्हणाले. "इवायले त्रास होत असन तर बसू."

"छे जी! त्रास कायचा? आपली तर रोजची सांदवाडी हाये."

"मंग चला."

"चला."

दोघी विहिणी मात्र खडकावर केव्हाच बसल्या होत्या आणि पदराने वारा घेत गुडघ्यावर कोणतं तेल चांगलं याची चर्चा करत होत्या. बायकांना हा कायदा लागू नाही. त्या प्रत्येक खडकावर बसल्या, आणि दोघे पुरुष प्रत्येक खडकापाशी, जणू बसस्टँडवर गाडीची वाट बघत असल्यासारखे, ताठ उभे राहिले. मधूनमधून भैय्यालालजी रीत म्हणून विचारत, "द्या, कॅन मी धरतो." टेकचंदभाऊ रीत म्हणून म्हणत, "छे छे, तुमी कायले?" तिसऱ्यांदा मात्र त्यांना क्षणभर वाटलं, की द्यावी. पण वराच्या बापाच्या हातात वरणाची कॅन दिली, हे मोहाडीत कळलं असतं तर पुढच्या पिढ्यांची लग्नं अडली असती.

खाली उतरल्यावर एक जुनी बोडी होती. धानाला पाणी देण्यासाठी पूर्वी कधी बांधलेला छोटा तलाव, आता जंगलाच्या पोटात गेलेला. प्रतिक्षाने हात वर केला आणि सगळे थबकले. पलीकडच्या काठावर रानगवे पाणी पीत होते. काळेभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, आणि इतके मोठे की त्यांच्यापुढे बोडी लहान वाटत होती. एक पिल्लू आईच्या पोटाखालून डोकावत होतं. कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. भैय्यालालजींचा चेहरा सैल पडला, आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी टेकचंदभाऊंच्या दंडाला हात लावून हळूच म्हटलं, "पाहा... पाहा इवाई..."

टेकचंदभाऊंना भरून आलं. आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांच्या खिशात शहनाई वाजली. खुशबूच्या लग्नात हौसेने बसवलेली, पूर्ण आवाजातली. गव्यांनी माना वर केल्या, आणि पुढच्या क्षणी काठावर फक्त हलणाऱ्या फांद्या उरल्या. टेकचंदभाऊंच्या एका हातात कॅन, दुसरा हात पिशवीच्या पट्ट्यात अडकलेला. शहनाई बराच वेळ वाजत राहिली. शेवटी गिरजाबाईंनी त्यांच्या खिशातून फोन काढून कानाला लावला.

"वाघ भेटला का?" पलीकडून चंद्रकुमारचा आवाज सगळ्या जंगलाला ऐकू आला.

भैय्यालालजींनी दंडावरचा हात काढून घेतला. शहनाई ऐकून त्यांना बहुधा मांडव आठवला, मांडवावरून पंगत आठवली आणि पंगतीवरून पुढचं सगळं. पुन्हा ते ताठ चालायला लागले.

धबधबा मात्र खरोखर होता. टेकचंदभाऊ सगळ्यात जास्त आश्चर्यचकित झाले. काळ्या कातळावरून पाणी तीन-चार पदरांनी खाली येत होतं आणि खालच्या कुंडात शांत होत होतं. कुंडाचं पाणी इतकं स्वच्छ, की तळाचे गोटे आणि त्यांवरून फिरणारे मासे दिसत होते. उन्हाची तिरीप पडली की सगळं हसल्यासारखं वाटायचं. उषाबाई म्हणाल्या, "किती सुंदर हाये जी!" आणि भैय्यालालजीही, नाइलाज असल्यासारखे, "हाव," म्हणाले. टेकचंदभाऊंनी काठावरच्या एका सपाट दगडावर कॅन ठेवली. बोटं तिच्या कडीच्या आकाराची होऊन बसली होती, ती सरळ व्हायला वेळ लागला. पण वरण आलं होतं. थेंबही न सांडता, गरम नसलं तरी कोमट, वरण इथवर आलं होतं. आता पान मांडायचं, व्याह्यांच्या भाताला खळगं करायचं, आणि वरून असं वरण ओतायचं की त्या पंगतीची भरपाई झाली पाहिजे. गिरजाबाई पळसाची पानं पुसायला लागल्या.

वांदरं कुठून आली हे कुणालाच कळलं नाही. काळ्या तोंडाची, लांब शेपटाची, सरकारी कामाला आल्यासारखी निवांत. एकाने टेकचंदभाऊंनी उतरवून ठेवलेली पिशवी उचलली. दुसऱ्याने ती उघडली. पुऱ्या एकाकडे, वडे दुसरीकडे, भाजीचा डबा तिसऱ्याच्या हातात. प्रतिक्षा शिट्टी फुंकत धावली. "हाड! हाड!" करत टेकचंदभाऊही धावले. तेवढ्यात एक धिप्पाड वांदर येऊन कॅनवर बसलं.

"तिथून उठ!" टेकचंदभाऊ ओरडले. आवाजात असा काही कळवळा होता, की वांदरालाही वाईट वाटलं असावं. ते उठलं. पण उठताना त्याने मागच्या पायांनी जो रेटा दिला, त्यानं कॅन कलंडली, दगडावरून गडगडली, झाकण एकीकडे गेलं आणि कॅन कुंडात. पाणी पिवळं झालं. मोहरी-जिऱ्याची फोडणी गोल गोल फिरत वर आली. खालून मासे आले. लहान आले, मोठे आले, आणि पंगत बसल्यासारखे जेवायला लागले.

टेकचंदभाऊ होते तिथे मटकन बसले. त्याच क्षणी शेजारी भैय्यालालजीही बसले. दोघांच्या तोंडून एकदमच "अगाई गं" निघालं. बसण्याचा कायदा तिथे मोडला, आणि कुणी कुणाच्या आधी बसलं हे सांगायला साक्षीदार नव्हता, कारण सगळे मासे बघत होते.

गिरजाबाईंनी उरलेली एकच वस्तू पुढे ओढली. फडकं घट्ट बांधलेलं होतं म्हणून वाचलेलं पातेलं. त्यांनी झाकण काढलं. आत पांढराशुभ्र भात होता. सुटा, मोकळा, कोरडा.

भैय्यालालजींनी भाताकडे पाहिलं. टेकचंदभाऊंनी भैय्यालालजींकडे पाहिलं. या जन्मात आपण या माणसाला कोरड्या भाताशिवाय काही देऊ शकत नाही, असं त्यांना वाटलं. खुशबूचं फोनवरचं रडणं आठवलं आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "इवाई..." ते म्हणाले.

तेव्हा उषाबाईंनी घसा खाकरला. मग इकडेतिकडे पाहिलं. मग आपल्या पिशवीत हात घालून, अपराध्यासारखा चेहरा करून, एक भलाथोरला थर्मास बाहेर काढला.

"रागवू नका इहीनबाई," त्या म्हणाल्या. "मांगच्या वेळचा अनुभव होता. म्हनलं, असू द्या सोबत."

"का हाये त्यात?" भैय्यालालजींनी विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"वरण."

एवढा मोठा अपमान आणि एवढी मोठी सोय एकाच थर्मासमध्ये टेकचंदभाऊंनी कधी पाहिली नव्हती. उषाबाईंनी पानांवर भात वाढला. थर्मास उघडला. वाफ निघाली. हिंगाचा वास सगळ्या कुंडावर पसरला, माशांनीही माना वर केल्या असतील. भुकेने टेकचंदभाऊंच्या पोटात खड्डा पडला होता. तरी त्यांनी आपलं पान मागे सारलं. गिरजाबाईंनीही सारलं.

"आमाले नाई चालत," गिरजाबाई हळूच म्हणाल्या. "लेकीच्या सासरचं अन्न. नातवाचं तोंड पाहेपर्यंत नाई खात आमी."

रीत होती खरी. जुन्या घरांमध्ये अजून पाळतात. प्रतिक्षाने पान हातात घेऊन एक घास घेतलाही होता, तो तिने तोंडातच थांबवला.

भैय्यालालजींनी पाय आखडते घेतले, पाठ सरळ केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही भाव आला, की कुठूनतरी शिपाई येऊन त्यांच्यापुढे टेबल मांडेल असं वाटावं.

"टेकचंदजी, साक्षगंधाच्या दिवशी तुमी भर मांडवात का म्हनलं होतं? हे जंगल कोनाचं?"

टेकचंदभाऊंनी मान खाली घातली. "आमची... सांदवाडी म्हनलं होतं जी."

"पाच-पंचवीस लोकायसमोर म्हनलं. तोंडी कबुली हाये. आता सांदवाडी घरापासून अलग धरत नाई. घर अन् सांदवाडी एकच. म्हंजे तुमी या घडीले आपल्याच घरी बसले हा. मानूस आपल्याच घरी बसून जेवते, तर त्यात लेकीच्या घरचं खाल्ल्याचा प्रश्न येतेच कुठून?" त्यांनी हात झटकले. "जेवा."

"पन जंगल तर सरकारचं..." प्रतिक्षा म्हणाली.

"तू जेव बाई," लीडर म्हणाल्या.

आणि सगळे जेवले. टेकचंदभाऊंनी पहिला घास घेतला तेव्हा त्यांना वाटलं, की असं वरण आपण कधी खाल्लं नाही; आणि ह्यात त्यांनी काही वाढवलेलं नव्हतं. पाण्याचा आवाज येत होता. वांदरं वरच्या फांदीवर शांतपणे वडे खात होती. भैय्यालालजींनी भाताला खळगं केलं, उषाबाईंनी त्यात वरण ओतलं, आणि ते मन लावून कालवायला लागले. घास तोंडापाशी गेला, तेवढ्यात गिरजाबाई बोलल्या. सहज, भाताची शितं गोळा करता करता.

"मंग इवाई, तुमीबी आज आमच्याच घरी जेवून राहिले न जी."

घास तोंडापाशी थांबला.

भैय्यालालजींनी तो निकाल मनात उलटून पाहिला, सुलटून पाहिला. घर आणि सांदवाडी एकच. टेकचंद आपल्या घरी बसला आहे. आणि टेकचंदच्या शेजारी, मांडी घालून, पानावर भात घेऊन कोण बसलं आहे? नोकरीत त्यांनी किती निकाल दिले, त्यात एकही असा अंगावर आला नव्हता. त्यांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं.

"माह्याकडे नका पाहू," उषाबाई म्हणाल्या. "निकाल तुमीच देल्ला."

टेकचंदभाऊ श्वास रोखून बसले होते. मघाशी गव्यांपुढेही त्यांनी इतका रोखला नव्हता. भैय्यालालजींनी घास तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला. मग पान थोडं पुढे सरकवलं आणि म्हणाले, "वाढा अजून. आपल्याच माणसाच्या घरी लाजाचं कायले?"

परतीच्या वाटेवर प्रत्येक खडकावर दोन्ही व्याही बसले. पहिल्या खडकावर भैय्यालालजींनी आपला गुडघा दाखवला, दुसऱ्यावर टेकचंदभाऊंनी आपला खांदा दाखवला. रिकामी कॅन दोघांनी एकेका बाजूने धरली होती. प्रतिक्षाने वाघाचा पंजा उमटलेला चिखल दाखवला, पण त्या वेळी दोघे तेलाबद्दल बोलत होते आणि त्यांनी 'हाव, हाव' म्हणून वेळ मारून नेली. निघताना प्रतिक्षाने अभिप्रायाची वही पुढे केली. लीडरने लिहिलं, 'वांदरं सोडून सगळं चांगलं.'

लाखनी आलं तेव्हा ऊन उतरलं होतं. कोपऱ्यावरचा पानठेला दिसला. टेकचंदभाऊंनी सवयीने दाराच्या कडीला हात घातला. गाडी थांबली नाही. पानठेला मागे गेला, चंद्रकुमारचं दुकान मागे गेलं, आणि चंद्रकुमार काउंटरवरून अर्धा बाहेर वाकून बघत असतानाच गाडी थेट घरापुढे उभी राहिली. भैय्यालालजी उतरले. गुडघा धरून उंबरठ्यापाशी आले. खाली बघितलं.

"मांगच्या दारानं तर येऊन गेलो," ते म्हणाले. "आता समोरच्या दारानं येतो."

गिरजाबाई तोवर स्वयंपाकघरात पोचल्या होत्या आणि कुकरमध्ये डाळ पडल्याचा आवाज आला होता.

थोड्या वेळाने टेकचंदभाऊंच्या खिशात शहनाई वाजली. खुशबूचा फोन. तिचा आवाज दबलेला होता, दिवसभर हातात फोन धरून बसल्यासारखा. "बाबा, का झालं? वाघ दिसला का?"

टेकचंदभाऊंनी आत पाहिलं. पाटावर बसलेले व्याही, त्यांच्यासमोर वाफ येणारं ताट, वाढायला वाकलेली गिरजाबाई. सांगण्यासारखं खूप होतं. गवे होते, कुंड होतं, वांदरांची टोळी होती, आणि वाघाचा पंजा तर होताच, त्याला वाघ जोडायला कितीसा वेळ लागला असता. पण आज त्यांना काहीही वाढवावंसं वाटलं नाही.

"वाघ नाई दिसला," ते म्हणाले. "तुझे बाबूजी आपल्या घरी जेवून राहिले. दुसऱ्यांदा वरण घेतलं."